मदत हवी आहे: परदेशातून आलेला 'विविधता' फॉर्म कसा भरू? जातीचा रकाना टाकू का?

रानवारा: सोमवारी दुपारपर्यंत पाठवायचा आहे, घाईत लिहितो. कंपनीच्या सगळ्या देशांतल्या युनिटांना एकच फॉर्म आलाय. वंशाच्या रकान्यात श्वेत, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई. आमचे सगळेच आशियाई, म्हणजे कागदावर विविधता काहीच नाही. इकडे एकाच पाळीत मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणारे आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत कोण कोणाजवळ बसत नाही ते रोज दिसतं. जातीचा रकाना वाढवू का? कोणी भरला असेल तर नमुना द्या.

पुणेकर_एचआर: हे प्रकार अमेरिकेच्या ईईओ-१ अहवालातले आहेत. तिथे १०० किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी कंपन्यांना तो सरकारकडे द्यावा लागतो. तुमची कंपनी अमेरिकन आहे का? माणसं किती, कायम किती, कंत्राटी किती? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

रानवारा: कंपनी फ्रान्सची, हे विविधतेचं खातं अमेरिकेतून चालतं. युनिट वणीकडे, कापसाचं. कायम चाळीसेक, ठेकेदाराचे दीडशेवर. फॉर्ममध्ये फक्त कायम मोजायचे आहेत.

पुणेकर_एचआर: खुद्द फ्रान्समध्ये कामगारांचा वंश नोंदवायला कायद्याने मनाई आहे, थोडे अपवाद सोडून. तेच त्यांना लिहा आणि रकाना कोरा ठेवा.

बाप्पा_यवतमाळ: जातीचा रकाना बिलकुल टाकू नका भाऊ. माह्या जुन्या कंपनीत अशी यादी केली होती, चार दिवसांत ठेकेदाराच्या मोबाईलवर फिरू लागली. मंग कोणाले कोणतं काम लावाचं ते त्यावरूनच ठरे.

निळी_पहाट: आणि न मोजता? आडनाव ऐकून लोक तसंही ओळखतात. सफाईला कोण, वजनकाट्यावर कोण, ऑफिसात कोण, हे आकड्यात मांडल्याशिवाय वरचे मान्यच करत नाहीत. नाव न लिहिता, ज्याची इच्छा असेल त्याच्याकडूनच, बंद पेटीत चिठ्ठी घ्या.

बाप्पा_यवतमाळ: चाळिसांत कोलाम एकच असला तं नाव न लिहून काय फायदा?

निळी_पहाट: पाचपेक्षा कमी असतील तो गट वेगळा दाखवायचा नाही, 'इतर'मध्ये घालायचा. ठेकेदाराचे धरा, मग चित्र दिसेल.

शेतकरीपुत्र७: भरती सुरू आहे का? पुतण्या आयटीआय फिटर आहे.

सावली_वर्धा: जातीवर भांडताय, बायकांचं कोणी विचारलं का? कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असले की त्या ठिकाणीच अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी महिला, एक सदस्य बाहेरचा. मुंबईच्या समितीचं नाव भिंतीवर लावून भागत नाही. आणि ठेकेदाराची बाईसुद्धा त्या कायद्यात कर्मचारीच आहे. तुमच्या युनिटात समिती आहे का?

रानवारा: मुंबईचीच लावली आहे. पण मी फॉर्मबद्दल विचारत होतो.

सावली_वर्धा: फॉर्मबद्दलच सांगतेय.

वऱ्हाड_ऑफिस: सुट्ट्यांचंही टाका! आमची यादी पुण्याहून येते. गणपतीला सुट्टी, पोळ्याला नाही. घरी बैल सजवायचे सोडून मशीनवर उभं राहावं लागतं. दीक्षाभूमीला जाणाऱ्यांना तर दरवर्षी रजेसाठी हात जोडावे लागतात.

पुणेकर_एचआर: पोळा वेगळ्या धाग्यात घ्या, प्लीज.

निळी_पहाट: वेगळ्यात का? हेच तर समावेशन आहे.

दवाखाना_वणी: अपंगत्वाच्या रकान्यात किती लिहिले?

रानवारा: शून्य. कोणी लंगडत वगैरे नाही.

दवाखाना_वणी: २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे. आपल्या भागात तो किती घरांत आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. अंग दुखतं म्हणून दोन दिवस घरी राहिला की सुपरवायझर कामचोर म्हणतो आणि हजेरी कापतो. पाणी प्यायला सुट्टी नाही, उन्हात पोती उचलायची, त्यानेच त्रास वाढतो. पण माणूस स्वतःहून सांगणार नाही, लग्नाचं जमताना अडचण येते म्हणून घरचेही लपवतात. विचारायचंच तर एकट्यात विचारा, आणि सांगितल्यावर सावलीतलं काम मिळेल हे आधी साहेबांकडून लिहून घ्या.

बाप्पा_यवतमाळ: हे लाख मोलाचं बोलले डॉक्टरसाहेब.

दवाखाना_वणी: डॉक्टर नाही, लॅबमध्ये आहे.

रानवारा: वंशाचा रकाना कोरा ठेवतो. सोबत वेगळं पान जोडतो: ठेकेदाराचे धरून माणसं, भाषा, समिती, सिकलसेल, पोळा आणि दीक्षाभूमीची सुट्टी. जात आत्ता नाही, पेटीची पद्धत मंजूर झाली तर नंतर. सावलीताई, समितीवर बाहेरची सदस्य वणी-मारेगाव भागात कुठून मिळेल?

सावली_वर्धा: बायकांसाठी काम करणारी संस्था गाठा. ठेकेदाराच्या ओळखीची बाई घेऊ नका. फोन नंबर इथे नको, व्यनि (खासगी निरोप) करते.