रोध, विरोध, अवरोध, प्रतिरोध : ओहमच्या नियमात नेमका शब्द कोणता?

प्रश्न
'रेझिस्टन्स'ला मराठीत चार शब्द दिसतात : रोध, विरोध, अवरोध, प्रतिरोध. व्होल्ट आणि अँपिअर मोजून जी राशी काढतात तिला यांपैकी काय म्हणावं? आणि 'पॉवर' म्हणजे शक्ती की ऊर्जा?

प्रतिसाद १
रोध. मराठी पाठ्यपुस्तकांत हाच रूढ आहे. चारही शब्द रुध् धातूचेच (अनुरोधसुद्धा!), पण उपसर्ग लागला की छटा बदलते. विरोध कुणीतरी करावा लागतो. अवरोध म्हणजे वाट अडणं, आणि तार वाट अडवत नाही. ठरावीक विभवांतराला (व्होल्टेजला) किती धारा (करंट) जाईल एवढंच तिचा रोध ठरवतो. प्रतिरोध चूक नव्हे, पण तो हिंदी पाठ्यपुस्तकांतला; मराठी कानाला त्यात लढा ऐकू येतो.

रोध = विभवांतर ÷ धारा. १२ व्होल्टला २ अँपिअर धारा जात असेल तर रोध ६ ओहम. शक्ती = विभवांतर × धारा, म्हणजे २४ वॅट.

प्रतिसाद २
वरच्या सूत्रात 'व्होल्टेज' न लिहिता 'विभवांतर' लिहिलं आहे, ते फार मोलाचं आहे. त्या शब्दातलं 'अंतर' कुठला आकडा घ्यायचा ते सांगतं : ज्या भागाचा रोध काढायचा, त्याच भागाच्या दोन टोकांमधला फरक.

१२ व्होल्टच्या पुरवठ्यावर एक एलईडी लावायची आहे. तिच्यावर २ व्होल्ट पडतात, धारा २० मिलिअँपिअर हवी. धारा तेवढीच राहावी म्हणून तिच्याबरोबर मालिकेत (एकामागोमाग) एक भाग जोडायचा, त्याचा रोध किती? पुष्कळजण १२ ला ०.०२ ने भागून ६०० ओहम काढतात. पण मालिकेत जोडलेल्या रोधाच्या टोकांमध्ये १२ नाही, १० व्होल्ट आहेत. म्हणून १० ÷ ०.०२ = ५०० ओहम. बाजारात ५१० किंवा ५६० मिळतो. ४७० घेतला तर धारा २१ मिलिअँपिअरच्या थोडी वर जाते. त्या रोधात जिरणारी शक्ती १० × ०.०२ = ०.२ वॅट. पाव वॅटचा भाग चालेल, पण चांगलाच तापेल. बंदिस्त डबीत अर्धा वॅटचाच घ्यावा.

दुसरी चूक मिलिअँपिअरची. १० ला २० ने भागलं तर उत्तर ०.५ येतं, आणि ते ओहम नसून किलोओहम असतं. धारा आधी अँपिअरमध्ये आणून मगच भागाकार करावा.

क्रियापदंही सांभाळा. धारा वाहते, विभवांतर असतं किंवा पडतं. 'तारेतून २३० व्होल्ट वाहतात' हे वाक्यच चुकीचं आहे.

प्रतिसाद ३
मग एलईडीबरोबर जोडलेल्या त्या भागाला 'रोधक' म्हणायचं का? विद्युतरोधक म्हणजे तर वीज न जाऊ देणारा पदार्थ : रबर, चिनी माती.

प्रतिसाद २
शंका रास्त आहे. गुणधर्म तो रोध, पदार्थाचा स्वभाव ती रोधकता (तिचं एकक ओहम-मीटर). सुट्या भागाला मात्र 'रेझिस्टर'च म्हणावं. कामावर सगळे तेच म्हणतात. मी वर 'जोडलेल्या रोधाच्या' लिहिलं, तिथेही 'रेझिस्टरच्या' हवं होतं. वीज न जाऊ देणाऱ्या पदार्थाला 'विसंवाहक' म्हटलं की घोळ उरत नाही.

प्रतिसाद ४
शक्तीबद्दल. 'अश्वशक्ती' शब्द रुळलेला आहे आणि १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा पॉवर म्हणजे शक्तीच. ऊर्जा म्हणजे शक्ती × वेळ. १००० वॅटची शेगडी तासभर चालली की १ किलोवॅट-तास, ज्याला आपण बोलताना 'युनिट' म्हणतो. 'हा दिवा तासाला ६० वॅट खातो' असं छापलेलं दिसतं. तिथे 'तासाला' नको. वॅटमध्ये वेळ आधीच आहे : सेकंदाला एक ज्यूल.

प्रतिसाद ३
६० वॅट, २३० व्होल्टच्या फिलॅमेंटच्या दिव्याचा रोध २३० × २३० ÷ ६०, म्हणजे सुमारे ८८२ ओहम यायला हवा. मल्टिमीटर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दाखवतो. मीटर बिघडला की सूत्र?

प्रतिसाद ४
दोन्ही ठीक. मीटर थंड टंगस्टनचा (दिव्यातल्या तारेच्या धातूचा) रोध मोजतो, छापील वॅट तापलेल्या टंगस्टनचे असतात. तापमान वाढलं की त्याचा रोध वाढत जातो. म्हणून 'थंड रोध' आणि 'तप्त रोध' असे वेगळे शब्द वापरावेत. चालू करताच धारेचा मोठा झटका बसतो तोही याचमुळे, आणि असे दिवे बहुधा बटण दाबतानाच उडतात. निक्रोमच्या (निकेल-क्रोमिअम मिश्रधातूच्या) तारेच्या शेगडीत फरक थोडक्या टक्क्यांचाच. रोध मोजताना पुरवठा तोडलेला हवा, नाहीतर आकडा खोटा येतो आणि मीटरही जाऊ शकतो.

प्रतिसाद १
एक भर. मोटर २३० व्होल्टला ५ अँपिअर घेते म्हणून २३० ÷ ५ = ४६ ओहमला 'रोध' म्हणू नये. प्रत्यावर्ती धारेत (एसीत) तो संरोध (इम्पीडन्स). गुंडाळीच्या तारेचा रोध त्याहून बराच कमी असतो. शक्तीही सरळ ११५० वॅट होत नाही. शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर, म्हणजे खरी शक्ती ÷ व्होल्ट × अँपिअरचा गुणाकार) ०.८ असेल तर ९२० वॅट, आणि ११५० ला व्होल्ट-अँपिअर म्हणायचं.