ऑस्कीसाठी नाटकातले कलाकार पेशंट म्हणून: स्क्रिप्ट किती, माणसं किती?

मेडिसिन_शिक्षक:
३० मुलांची ऑस्की आहे, म्हणजे मेडिकलची प्रात्यक्षिक परीक्षा: मुलं एकेका टेबलावर (स्टेशनवर) ठरलेल्या वेळात एकेक काम करून दाखवतात. एका स्टेशनवर छातीत दुखण्याची हिस्ट्री (पेशंटला प्रश्न विचारून माहिती काढणं), दुसऱ्यावर पोटाची तपासणी. वॉर्डातले पेशंट दुपारपर्यंत वैतागतात आणि मुलांना निदानच सांगून टाकतात. म्हणून हौशी नाट्यसंस्थेतले कलाकार घ्यायचे म्हणतोय. संवाद पूर्ण लिहून द्यायचे का? एका माणसावर दिवस निघेल का?

सिम्युलेशन_लॅब:
संवाद लिहू नका. मूल वेगळाच प्रश्न विचारतं आणि कलाकार अडकतो. फक्त पहिलं वाक्य शब्दशः ठरवा: "डॉक्टर, सकाळपासून छातीत भरून आल्यासारखं होतंय." बाकी माहितीचे तीन थर करा: आपणहून सांगायचं, विचारलं तरच सांगायचं, नेमकं विचारलं तरच सांगायचं. पेशंट बाई असतील तर "काही व्यसन?" याला उत्तर "छे!" आणि "मिश्री लावता का?" याला "हो, दोन वेळा". खरा पेशंटही असाच बोलतो. मुलांची परीक्षा खरी इथेच होते.

भूमिकेत नसलेलं काही विचारलं तर एकच उत्तर: "नाही, तसं काही नाही." कलाकाराने मनाने "मामांना शुगर होती" असं जोडलं की एकाच स्टेशनवर दोन वेगळ्या केसेस तयार होतात.

वेळेचं म्हणाल तर ८ मिनिटं स्टेशन आणि २ मिनिटं बदलाची, म्हणजे ३० मुलांना ५ तास. एकावर निघत नाही. दोघं घ्या, तालीम एकत्र करा, एकमेकांचा प्रयोग बघायला लावा. दुपारनंतर उत्तरं आखूड होतात किंवा कलाकार नकळत मुलांना वाट दाखवू लागतो, तेव्हा मधेच एकदा जाऊन ऐका.

सर्जरीवाला:
पोटाच्या स्टेशनला आधी कलाकाराचं पोट बघा! अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण असलेला माणूस अपेंडिसायटिस करू शकत नाही. पोट ताठ करणं, हात सोडताना कळ येणं, लंगडणं हे शिकवता येतं. कावीळ, गाठ, मर्मर (हृदयाचा जादा आवाज) येत नाही, त्याचं निष्कर्ष-कार्ड, म्हणजे तपासणीत काय सापडलं ते लिहिलेलं कार्ड, परीक्षकाकडे ठेवा. बीपीचंही कार्डच, नाहीतर मुलं कलाकाराचं स्वतःचं बीपी लिहितात. पंधरा जणांनी दाबल्यावर पोट खरंच दुखतं, म्हणून 'थांबा'चा एक शब्द ठरवून ठेवा. गुदद्वाराची तपासणी मॅनिकिनवरच (सरावाच्या पुतळ्यावर).

धाप लागल्याचा अभिनय सलग देऊ नका. जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ-बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते.

मेडिसिन_शिक्षक:
मार्क कलाकाराने द्यायचे का? आणि मुरलेले नटच हवेत का?

सिम्युलेशन_लॅब:
चेकलिस्ट परीक्षकाची. कलाकाराला एकच प्रश्न: "या डॉक्टरकडे पुन्हा याल का?" सराव सत्रात अभिप्राय घ्या, पण पेशंट म्हणूनच: "तुम्ही लिहीत राहिलात तेव्हा मला वाटलं, ऐकतच नाहीत." "ईसीजी विसरलास" हे त्याने बोलायचं नाही.

मुरलेला नट कधीकधी अडचणच. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हा प्रकार सुरू केला, तेव्हाची पहिली 'पेशंट' चित्रकारांसाठी बसणारी मॉडेल होती. तिसाव्या मुलालाही पहिल्याइतकंच दुखणारा माणूस शोधा. टाळ्यांची सवय असलेले दर फेरीला रडणं वाढवत नेतात. वाईट बातमीच्या स्टेशनला तर रडायचं कधी आणि किती, हेही भूमिकेत लिहा. नंतर दहा मिनिटं चहाची ठेवा, भूमिका उतरायला वेळ लागतो.