आरओच्या आधीचं पाणी आणि नंतरचं मीठ

'आरओ बसवला की कापड गिरणीचं सांडपाणी पुन्हा वापरता येतं' हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. आरओ म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणारी यंत्रणा. पाणी मिळतं, पण मीठ कुठे जातं? ७५ टक्के पाणी परत मिळवलं, तर उरलेल्या पाण्यात क्षार जवळपास चौपट होतात. ते आटवायला बाष्पीभवन यंत्र लागतं आणि खरी ऊर्जा तिथेच खर्च होते.

म्हणून माझा आग्रह पाणी एकत्र होण्याआधीच वेगळं करण्यावर आहे. रिअॅक्टिव्ह रंगाईत (सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या रंगाईत) रंग सुताला धरावा म्हणून रंगकुंडात भरपूर मीठ घालतात. शेवटच्या धुण्याचं पाणी मात्र बरंच स्वच्छ असतं. थोड्या प्रक्रियेनंतर तेच पहिल्या धुण्याला चालतं. दोन्ही एकाच गटारात सोडली की सगळंच खारट होतं, मग कितीही महाग यंत्रणा आणा.

रंगकुंडाच्या पाण्याला नॅनोफिल्ट्रेशन, म्हणजे आरओपेक्षा थोड्या मोकळ्या पडद्यातून गाळणं, लावता येतं. साधं मीठ वापरलं असेल तर रंग पडद्यामागे अडतो, मीठ बरंचसं पार होतं आणि तो खारा द्रव पुन्हा रंगाईला घेता येतो. ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) असेल तर सल्फेटही रंगासोबत अडकतं. त्यामुळे पडदा निवडण्याआधी रंगाई विभागाला कोणतं मीठ वापरता ते विचाराच.

आणखी एक, पडद्यांआधीची जैविक प्रक्रिया (जिवाणूंकडून सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कमी करणं) नीट झाली नसेल तर पडद्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, दाब वाढत जातो आणि वारंवार रासायनिक धुलाई करावी लागते. तिथे काटकसर करू नका.