‘टेक फॉर ग्रँटेड’ : गृहीत धरणे, की आणखी काही?

ओट्यावरून :
सबटायटलचं काम करते. एका इंग्रजी मालिकेत सत्तरीची बाई नवऱ्याला म्हणते, ‘यू टेक मी फॉर ग्रँटेड.’ मी लिहिलं, ‘तुम्ही मला गृहीत धरता.’ तपासणाऱ्यांनी काही खोट काढली नाही, पण मलाच ते टोचतंय. माझ्या आत्याच्या वाट्याला जन्मभर हेच आलं, तरी हे वाक्य तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेलं नाही. दुसरं काही सुचतंय का? जागा एकाच ओळीची आहे.

रोखठोक :
गृहीत धरणे बरोबर आहे. दीर्घ ‘ही’ लिहा म्हणजे झालं. निम्मा महाराष्ट्र ‘गृहित’ लिहितो.

निवृत्त मास्तर :
बरोबर आहे, पण अर्धंच. इंग्रजीत या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा घरोबा नाही. पहिला वादविवादातला : अमुक गोष्ट मान्यच आहे असं समजून पुढे जाणं. ‘ग्रँट’ म्हणजे इथे देणं नव्हे, कबूल करणं. वाक्याच्या सुरुवातीला नुसतं ‘ग्रँटेड’ म्हणतात, तेव्हा आपण ‘मान्य’ म्हणतो तेच असतं. दुसरा अर्थ माणसांबद्दलचा : तो आहेच, राहणारच, तेव्हा त्याची कदर कशाला करा.

पहिल्या अर्थाला आमचं ‘गृहीत’ चपखल बसतं. ग्रह् धातूचं हे रूप, म्हणजे ‘घेतलेलं’. भूमितीतली गृहीतकं आठवा. सिद्ध करायची नाहीत, घेऊन चालायची. युक्लिडचं पाचवं गृहीतक लोकांनी दोन हजार वर्षं सिद्ध करून पाहिलं, जमलं नाही. शेवटी 1829 मध्ये लोबाचेव्हस्कीने ते बाजूला ठेवून वेगळीच भूमिती मांडली. (विषयांतर झालं. पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर असं होतं.)

मुद्दा असा की हे दोन अर्थ मराठी व्याकरण स्वतःच वेगळे करून दाखवतं. ‘त्याने आईचा होकार गृहीत धरला’, ‘संमती गृहीत धरली’ : क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, कर्मणी प्रयोग. आता ‘त्याने आईला गृहीत धरलं’, ‘बाबांना गृहीत धरलं’, ‘सगळ्या गावाला गृहीत धरलं’. कुणीही असो, ‘धरलं’च. भावे प्रयोग. ‘ला’ लागला की तक्रार सुरू! ‘जूनचा पाऊस गृहीत धरला’ हा पेरणीचा अंदाज. ‘पावसाला गृहीत धरलं’ म्हटलं की पावसाचा अपमान झाला.

बोरूबहाद्दर :
मास्तर, ‘ला’चं निरीक्षण फक्कड. थोडी मुळाशी भर घालतो. इंग्रजी ‘ग्रँट’ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या तळाशी लॅटिन ‘क्रेडेरे’ आहे, म्हणजे विश्वास ठेवणं. ‘क्रेडिट’ त्याच घरातलं. आणि आपली ‘श्रद्धा’ही त्या लॅटिन शब्दाची दूरची बहीण. म्हणजे ज्याच्यावर एवढा विश्वास की विचारायचीही गरज वाटत नाही, तो ग्रँटेड.

आपल्याकडे ग्रह् धातूनेही कमी केलेलं नाही. आग्रह, संग्रह, अनुग्रह, ग्राहक... आणि पाणिग्रहण. हात समारंभाने गृहीत होतो, बाकीची बाई नंतर हळूहळू.

एक मुंबईकर :
आणि ग्रँट रोड?

बोरूबहाद्दर :
तो रॉबर्ट ग्रँट या गव्हर्नरांच्या नावाचा. 1835 ते 1838 मुंबईत होते. आडनावाचं मूळ वेगळं, ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दातलं. शाळेची ग्रँट मात्र आपल्या चर्चेतलीच. ती नॉन-ग्रँटवाल्यांना विचारा, गृहीत धरता येते का ते.

रोखठोक :
‘हलक्यात घेणे’ का चालू नये?

घाटावरची :
नाही चालणार. ते हिंदीच्या वाटेने आलंय, आणि त्याचा अर्थ ताकद कमी लेखणं. नव्या पैलवानाला हलक्यात घेतात. रोज भाकरी थापणारीला कुणी हलक्यात घेत नाही, तिच्यावर तर सगळं घर चाललेलं असतं.

‘खिजगणतीत नसणे’पण नाही. त्यात माणूस हिशेबातच नसतो. इथे तो हिशेबात पक्का असतो. पाहुणे दहा, स्वयंपाक वीस जणांचा, करणारी एक. जमेस धरलेलीच असते ती. फक्त तिला विचारलेलं नसतं. ‘पिकतं तिथे विकत नाही’ जवळ येतं, पण ती म्हण गुणांची, कष्टाची नव्हे.

निवृत्त मास्तर :
‘अतिपरिचयादवज्ञा’ राहिलं. मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाचं लाकूड सरपण म्हणून जाळते, तो श्लोक.

घाटावरची :
मास्तर, त्या भिल्लिणीला चूल पेटवायची होती हो. चंदनाची किंमत दुसऱ्या गावच्या लोकांनी ठरवलेली. श्लोक सुंदर आहे, पण मला कायम तिचीच बाजू घ्यावीशी वाटते.

आता मूळ प्रश्नाचं. ‘तुम्ही मला गृहीत धरता’ हे मला तरी लेखांतलं, समुपदेशनातलं मराठी वाटतं. माझी मुलगी सहज बोलते, माझी आई नाही बोलायची. घरात गृहीत धरणारा माणूस दुसरंच बोलतो. तो म्हणतो, ‘वहिनी आहेच की.’ ‘ताई करेलच.’ ‘ती कुठे जातेय?’ सगळं त्या ‘च’मध्ये आणि ‘की’मध्ये आहे. ‘वहिनी आहे’ ही माहिती झाली, ‘वहिनी आहेच की’ म्हटलं की वहिनीची रविवारची दुपार गेली. आमच्याकडे गौरींच्या आधी फोन येतो, ‘पुरणाचं काय, तू आहेसच.’ एवढंच. प्रश्नचिन्हसुद्धा नसतं.

म्हणून त्या बाईने तक्रार करायची तर तिने त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यावं असं मला वाटतं.

निवृत्त मास्तर :
शुद्ध शब्दयोजनेच्या दृष्टीने ‘गृहीत’ सोडवत नाही मला. पण आमच्या हिलाही आत्ता वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘चहा ठेवू का, असं मी कधी विचारलंय का तुम्हाला? ठेवतेच ना.’ तेव्हा ‘च’पुढे माघार.

रोखठोक :
पण मूळ वाक्यातला ‘तुम्ही’ गेला ना त्यात? आरोप कुणावर, ते कळायला नको?

घाटावरची :
पडद्यावर ती त्याच्याकडेच बघून बोलत असेल ना? मग कळेल की त्याला. नाही कळलं तर वाक्य खरंच ठरलं म्हणायचं.

ओट्यावरून :
प्रसंग पुन्हा पाहिला. बघत नाही ती त्याच्याकडे. भांडी विसळत पाठमोरी बोलते, आणि तो पेपर वाचत असतो. ‘मी काय, आहेच की,’ असं लिहिलं. अक्षरं मोजली, ओळीत बसतंय.