शनिवारी क्लबहाऊसमध्ये कोणती मॅच लावायची?

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. शनिवारी संध्याकाळी हॉल मोकळा आहे आणि प्रोजेक्टर दुरुस्त होऊन आलाय. खाली फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना एखादी जुनी मॅच दाखवावी, अशी बी-७०४ च्या वैभवची सूचना आहे. कमिटीची हरकत नाही. कोणती लावायची ते आजच ठरवा, म्हणजे नोटीस लावता येईल.

सोहम (ए-३०२): काका, कतारची फायनल! अर्जेंटिना-फ्रान्स!

वैभव (बी-७०४): सोहम, ती तुम्हा सगळ्यांची पाठ झालीये. मला आपल्या लीगची मॅच दाखवायची आहे. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा मोसम, मुंबई सिटीचा. त्या वर्षी आपण शील्डही जिंकली (गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याची) आणि कपही (फायनल जिंकणाऱ्याचा). एकाच मोसमात दोन्ही जिंकणारा तो पहिला संघ. इथल्या निम्म्या मुलांना हे माहीतच नाही, आणि माझा जीव त्याचसाठी तुटतो.

जोशी काका (ए-१०१): वैभव, कोविडमध्ये झाला तोच मोसम ना? सगळ्या मॅच गोव्यात आणि स्टेडियम रिकामं. मी क्रिकेटवाला माणूस आहे, तरी विचारतो. मुंबईचा संघ मुंबईत एकदाही न खेळता चॅम्पियन झाला, तर ते जिंकणं कितपत खरं धरायचं?

वैभव (बी-७०४): काका, पूर्ण खरं. जरा सविस्तर लिहितो.

२० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१. अकरा संघ, प्रत्येकाचे वीस सामने, पुढे सेमीफायनल आणि फायनल धरून एकूण ११५ मॅच. मैदानं तीनच: मडगावचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी आणि वास्कोचं टिळक मैदान. खेळाडू चार महिने हॉटेल ते मैदान आणि मैदान ते हॉटेल. घरचं मैदान नाही, घरचे प्रेक्षक नाहीत. आपण अंधेरीला जाऊन ओरडायचो, तो आधार आपल्या संघाला एकदाही मिळाला नाही. बाकीच्या संघांनाही नाही. म्हणजे सगळे एकाच पातळीवर. उलट अशा वेळी संघ आतून किती पक्का आहे तेच कळतं.

सुरुवात तर वाईट झाली होती. पहिल्याच मॅचला नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ हार, वर अहमद जाहूला रेड कार्ड. त्यानंतर मात्र सलग बारा सामने हरलो नाही! जानेवारीच्या शेवटी पुन्हा हरवलं ते नॉर्थईस्टनेच.

शिरोडकर वहिनी (सी-२०५): वैभव, सगळं मान्य, पण एक गोष्ट तू सांगितलीच नाहीस. तो संघ आमचा, एफसी गोवाचा होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आमचा, जाहू आमचा, ह्युगो बुमूस आमचा, मुर्तदा फॉल आमचा. मंदार राव देसाई तर २०१४ पासून एफसी गोवाकडून खेळत होता. सगळे एका वर्षात तुमच्याकडे. माझं माहेर मडगावचं, फातोर्डा घरापासून चालत जाण्याइतकं. घरासमोरच्या मैदानावर आमचीच माणसं दुसऱ्याच्या जर्सीत खेळताना टीव्हीवर बघायची, ते किती लागलं असेल सांग.

वैभव (बी-७०४): वहिनी, लागणारच. पण लोबेराला गोव्याने स्वतःच काढलं होतं. २०२० च्या सुरुवातीला, लीगचे मोजकेच सामने राहिले असताना. त्या मोसमाची शील्ड मग गोव्यानेच जिंकली. संघ त्याने बांधला आणि ट्रॉफी उचलायला तो नव्हता. असा माणूस कुठेतरी जाणार, आणि त्याचा खेळ ज्यांना समजतो ते खेळाडू त्याच्या मागे जाणार.

शिरोडकर वहिनी (सी-२०५): त्याला काढलं ते चूकच होतं, तेव्हाही घरी सगळे तेच म्हणत होते. पण पैशाचंही बोल ना. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीवाल्यांच्या ग्रुपने तुमच्या क्लबचे ६५ टक्के विकत घेतले. त्याआधी मुंबईला एकदाही फायनल गाठता आली नव्हती.

वैभव (बी-७०४): बरोबर आहे. पैसा आला म्हणून हे जमलं, नाकारत नाही. पण नुसत्या पैशाने डाव बसत नाही. लोबेराचा संघ गोलकीपरपासून छोटे छोटे पास देत चाल रचायचा. प्रतिस्पर्धी अंगावर आला तरी बॉल उगाच लांब भिरकावायचा नाही. जाहू मधोमध उभा राहून खेळ कुठल्या बाजूला न्यायचा ते ठरवायचा. हे मुलांनी बघावं असं मला वाटतं. आपली पोरं बॉल मिळाला की डोळे मिटून पुढे मारतात.

सोहम (ए-३०२): दादा, मग फायनलच लावू. शेवटच्या मिनिटाला गोल आहे ना त्यात?

वैभव (बी-७०४): हो, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा. पण माझं मत वेगळं आहे. २८ फेब्रुवारीची मॅच लावू या. साखळीतली शेवटची, कोलकात्याच्या एटीके मोहन बागानविरुद्ध, बांबोळीला.

जोशी काका (ए-१०१): फायनल सोडून साखळीतली मॅच? ते का?

वैभव (बी-७०४): काका, फुटबॉलमध्ये जगात बहुतेक ठिकाणी लीगचा चॅम्पियन गुणतक्त्यावर ठरतो. जो पहिला तो चॅम्पियन, विषय संपला. आपल्याकडे तेव्हा तक्ता संपल्यावर प्लेऑफ आणि मग फायनल, आणि त्या ९० मिनिटांत जिंकेल त्याला चॅम्पियन म्हणायचे. वीस सामन्यांत पहिला येणाऱ्याला वेगळी शील्ड मिळायची, तीही २०१९-२० पासून. आशियाने मात्र त्या शील्डचीच किंमत केली. आशियाई क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची जागा शील्ड जिंकणाऱ्याला होती, फायनल जिंकणाऱ्याला नाही. मला विचाराल तर मोसमाचा खरा निकाल २८ फेब्रुवारीलाच लागला.

चॅटर्जी दा (सी-६०१): वैभव, मी वीस वर्षं मुंबईत आहे, पण बागानचाच आहे. त्या दिवसाचं नाव काढलं की अजून घास उतरत नाही. पण तू बोलतोस ते योग्य आहे. आम्हाला फक्त ड्रॉ पुरेसा होता. आमचे ४० गुण, तुमचे ३७.

वैभव (बी-७०४): दादा, तुम्ही आलात हे बरं झालं. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायला हवी.

मुलांनो, नीट वाचा. मुंबई मोसमभर पुढे होती. आणि फेब्रुवारीत गाडी घसरली. गोव्याविरुद्ध ३-२ ने पुढे होतो, भरपाईच्या वेळेत ईशान पंडिताने बरोबरी केली. मग बेंगळुरूने चार गोल घातले, मग जमशेदपूरकडून ०-२. बागान वर निघून गेलं. लोक म्हणायला लागले की मुंबईचा दम संपला. त्यावर ओडिशाला ६-१ ने हरवलं, बिपिन सिंगची हॅट्ट्रिक. आणि शेवटच्या दिवशी समोर तेच, पहिल्या नंबरचं बागान. ड्रॉ झाला तरी शील्ड त्यांची. आपल्याला जिंकावंच लागणार होतं.

सातव्या मिनिटाला जाहूची फ्री किक आली, फॉल उंच उडाला आणि हेडर आत. त्याला हवेत गाठणं कुणालाच सोपं नव्हतं. ३९ व्या मिनिटाला हर्नान सांतानाची फ्री किक क्रॉसबारवर आपटून परत आली, आणि बाकीचे बघत राहिले तोवर ओगबेचेने डोकं लावलं. हा ओगबेचे २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये नायजेरियाकडून खेळलेला माणूस! २-०. त्यानंतर पूर्ण दुसरा हाफ ती आघाडी सांभाळली. मुलांना मला तो दुसरा हाफ दाखवायचा आहे. पुढे असताना घाबरून मागे बसायचं नाही, बॉल आपल्या पायात ठेवायचा.

चॅटर्जी दा (सी-६०१): दोघांचे ४०-४०. बारा विजय, चार बरोबरी, चार पराभव, अगदी तंतोतंत सारखे. आपसातले सामने बघितले तर जानेवारीतही तुम्ही १-० ने जिंकला होतात, ओगबेचेचाच गोल. म्हणून शील्ड तुमची. आमच्या रॉय कृष्णाने त्या मोसमात १४ गोल केले, गोव्याच्या अँगुलोचेही तेवढेच. बचाव आमचा सगळ्यांत कडक. तरी तुमच्याविरुद्ध त्या मोसमात तीनदा खेळलो आणि तीनदा हरलो. याला नशीब म्हणता येत नाही, हे मी बागानवाला असून सांगतो.

जोशी काका (ए-१०१): तीनदा? मग मघाशी मी शंका घेतली ती राहू द्या. समोरच्या सर्वांत चांगल्या संघाला तिन्ही वेळा हरवणारा संघ चॅम्पियनच.

शिरोडकर वहिनी (सी-२०५): आणि सेमीफायनल कुणी सांगायची? मीच सांगते. पहिला सामना फातोर्ड्याला २-२. दुसरा बांबोळीला ०-०, एक्स्ट्रा टाइममध्येही गोल नाही. पेनल्टी शूटआऊटच्या तोंडावर मुंबईने कॅप्टन आणि गोलकीपर असलेल्या अमरिंदरला बाहेर काढून फुर्बा लाचेनपाला आणलं. एवढं धाडस! आणि त्या मुलाने पेनल्टी अडवल्या. शूटआऊट ६-५. शेवटची विजयी किक कुणाची? रॉलिन बोर्जेसची. आमच्या गोंयचा पोरगा. माझा भाऊ त्या रात्री जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, किक मारायला रॉलिन पुढे आला याचा अभिमानही वाटला.

वैभव (बी-७०४): वहिनी, तुम्ही शनिवारी या आणि हे मुलांना तोंडी सांगा. माझ्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलेलं जास्त पोचेल. आणि मंदार! आयएसएलमध्ये १०० सामने पूर्ण करणारा पहिला खेळाडू तोच, तेही याच मोसमात.

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): मध्येच एक सूचना: उद्या सकाळी टाकी धुणार आहेत, १० ते १ पाणी नाही. चर्चा चालू द्या.

अनघाताई (बी-४०३): मला फुटबॉलचं फारसं कळत नाही, पण माझी मुलगी राइट बॅक, म्हणजे उजवीकडच्या बचावात खेळते. तिला विचारलं तर म्हणाली, फायनल लावा, त्यात अमेय रानवडे आहे.

वैभव (बी-७०४): ताई, तिचं म्हणणं मला कळतं. अमेय आपल्या मुंबईचा, राइट बॅक. फायनलच्या पहिल्या हाफच्या अखेरीस टक्कर होऊन तो जागच्या जागी बेशुद्ध पडला. दोन्ही संघांचे खेळाडू भोवती जमले, रुग्णवाहिका थेट मैदानात आणावी लागली. तो शुद्धीवर आहे हे कळेपर्यंत स्कोअरकडे लक्ष लागत नव्हतं. लहान मुलांसमोर तो भाग लावावा असं मला वाटत नाही. अमेय नंतर बरा होऊन पुन्हा मैदानात उतरला, हे मात्र तिला आवर्जून सांगा.

चॅटर्जी दा (सी-६०१): त्या वेळी मीही बागान विसरलो होतो. देवाचे आभार.

सोहम (ए-३०२): पण दादा, फायनलचा शेवटचा गोल तरी दाखवा ना प्लीज 🙏

वैभव (बी-७०४): दाखवू. त्या फायनलची सुरुवात आपल्या चुकीने झाली होती. १८ व्या मिनिटाला जाहूच्या पायातून रॉय कृष्णाने बॉल काढला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल मारला. एखादा खेळाडू कोलमडला असता. जाहूने अकरा मिनिटांत बिपिनसाठी लांबून असा बॉल टाकला की तो अडवायच्या नादात बागानच्या तिरीचं हेडर स्वतःच्याच गोलात गेलं. १-१. मग ९० व्या मिनिटाला गोलकीपर पुढे आला होता, ओगबेचेने बॉल मिळवून शांतपणे बिपिनला दिला, आणि बिपिनने संपवलं. घाई केली असती तर ओगबेचेने स्वतःच मारला असता. आपल्या पोरांनी तो पास चार वेळा बघावा.

जोशी काका (ए-१०१): मग त्या शील्डमुळे मिळालेल्या आशियाच्या जागेचं पुढे काय झालं? उत्सुकता लागली.

वैभव (बी-७०४): काका, तेच सांगायचं राहिलं! एप्रिल २०२२ मध्ये, रियाधला. इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला मुंबईने २-१ ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. विजयाचा गोल राहुल भेकेचा, कॉर्नरवर हेडर. राहुलही मुंबईचाच. २८ फेब्रुवारीला ड्रॉ झाला असता तर त्या वर्षी रियाधला आपला संघ गेलाच नसता.

जोशी काका (ए-१०१): ठरलं मग. २८ फेब्रुवारीला माझं मत.

शिरोडकर वहिनी (सी-२०५): माझंही. सेमीफायनलची गोष्ट मी मध्यंतरात सांगेन. आणि पुढच्या वेळी एफसी गोवाची मॅच, हे आत्ताच लिहून घ्या.

चॅटर्जी दा (सी-६०१): मंजूर. मी बागानची जर्सी घालून येणार, मुलांना आधीच सांगून ठेवा.

वैभव (बी-७०४): जरूर या दादा, पुढच्या रांगेत तुमची खुर्ची. मुलांना मी एक काम देणार आहे. पहिल्या हाफमध्ये फक्त जाहूकडे बघायचं, बॉल कुठेही असो. पास यायच्या आधी तो किती वेळा मान वळवून मागे बघतो ते मोजायचं. रविवारी सकाळी खाली प्रॅक्टिसला तेच करून घेणार.

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): नोंद घेतली. शनिवार, संध्याकाळी ६ वाजता, क्लबहाऊस. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान, २८ फेब्रुवारी २०२१, पूर्ण सामना. नंतर फायनलमधला शेवटचा गोल. खुर्च्या मोठ्यांसाठी, मुलांनी सतरंजीवर बसावं. अनघाताई, सरबताचं तुमच्याकडे देऊ का?

अनघाताई (बी-४०३): हो, कोकम करते. साधारण किती जण येतील ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.