सोन्याचं जेल ओव्हनमध्ये सुकवलं तर नुसता पापुद्रा! एरोजेल होतं तरी कसं?

बीकर_फुटला: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालूय. सायट्रेटचा थर असलेले सोन्याचे नॅनोपार्टिकल्स (अतिबारीक कण) केले, फिल्टर लावून सेंट्रिफ्यूजमध्ये घट्ट केले, इथेनॉल टाकून ठेवलं तर काही दिवसांनी तळाला काळं लिबलिबीत जेल जमलं, एवढा आनंद झाला की सगळ्यांना चहा पाजला. मग ६० डिग्रीला ओव्हनमध्ये ठेवलं, सकाळी बघतो तर नखाएवढा पापुद्रा. हवं होतं एरोजेल, म्हणजे आतला द्रव जाऊनही सच्छिद्र सांगाडा तसाच राहिलेलं जेल. शिवाय गाइड म्हणतायत सोनं परवडत नाही, क्वांटम डॉट्सचं (सेमीकंडक्टरचे अतिबारीक कण) कर. पण डॉट्स एकमेकांना चिकटले की त्यांचा साइज इफेक्टच (आकारावर ठरणारे गुणधर्म) जाणार ना?

लॅबमामा: अरे जेल जमलं म्हणजे अवघड काम झालं होतं, ओव्हननं माती केली. ब्रश पाण्यातनं काढला की केस कसे एकत्र चिकटतात, तेच. द्रव सुकताना भोकांच्या भिंती आत ओढतो, आणि भोकं जेवढी बारीक तेवढी ओढ जास्त, त्यामुळे दह्याचा चक्का व्हावा तसं सगळं आक्रसतं. किस्टलर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये सिलिकाचं जेल सुकवताना यावर तोड काढली, द्रव आणि वायू वेगळे राहणारच नाहीत अशा तापमान-दाबाला न्यायचं, म्हणजे ओढायला पृष्ठभागच नाही. तू आधी ॲसिटोन घाल, ३-४ दिवस बदलत रहा, मग त्याजागी लिक्विड कार्बन डायऑक्साइड, आणि ३१ डिग्री, ७४ बारच्या वर. गॅस सोडताना पण ३१ च्या खाली येऊ द्यायचं नाही आणि सावकाश सोडायचा, मी एकदा जेवायच्या घाईत व्हॉल्व्ह भसकन उघडला होता, पुढचं विचारू नकोस. मशीन बायोवाल्यांकडे असतं बघ, सेमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) सॅम्पल सुकवायला, क्रिटिकल पॉइंट ड्रायर म्हणून विचार.

डॉट्सवाली: साइज इफेक्ट बराचसा राहतो! डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत स्टेफनी ब्रॉक यांच्या ग्रुपनं २००५ मध्ये कॅडमियम सल्फाइड, कॅडमियम सेलेनाइड, झिंक सल्फाइड, लेड सल्फाइड अशांचे एरोजेल केले. डॉट्स वितळून एक होत नाहीत, टोकाला टोक लागून मण्यांच्या माळेसारखे राहतात, म्हणून बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीत जायला लागणारी ऊर्जा) सुट्या डॉट्सच्या जवळचाच येतो. चमक मात्र कमी होऊ शकते, कारण जोडायचं तर वरचा थायॉलचा (गंधकवाल्या रेणूंचा) थर ऑक्सिडाइझ करून काढावा लागतो आणि पृष्ठभाग उघडा पडतो. ऑक्सिडाइझ करायला पेपरात टेट्रानायट्रोमिथेन दिसलं तर त्याच्या नादी लागू नकोस, विषारी आहे आणि स्फोटाची भीती वेगळीच. हायड्रोजन पेरॉक्साइडवर भागतं, पण थोडं थोडं घाल, एकदम ओतलंस तर जेलऐवजी गाळ बसेल. आणि कॅडमियमपेक्षा झिंक सल्फाइडनं सुरुवात कर बाई/बाबा, जो कोण असशील तो.

लॅबमामा: सोनं महाग म्हणजे किती रे? नेहमीच्या ०.२५ मिलिमोलर कोलॉइडमध्ये (कण तरंगत असलेल्या द्रवात) १०० मिलीला जेमतेम ५ मिलिग्रॅम सोनं असतं. पैशापेक्षा घट्ट करत बसायचाच वैताग.

गोठलेला: ड्रायर नसेल तर पाण्यातलं घट्ट कोलॉइड लिक्विड नायट्रोजनमध्ये पटकन गोठवून फ्रीज ड्राय कर. बर्फाची थेट वाफ होते, मग ओढ नाही. भोकं मोठी येतात पण, पातळ पत्र्यांसारखं.

बीकर_फुटला: बाबा आहे मी 😅 बायोच्या मॅडमकडे ड्रायर निघाला!! पण कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर दिवाळीपासून रिकामा आहे म्हणे. तोवर जेल ॲसिटोनमध्ये झाकून ठेवलंय.