घरच्या घरी मॉस स्टिक: तुमचे अनुभव सांगा

मनीप्लांट, मॉन्स्टेरा, सिंगोनियम यांना चढायला काठी घरी कोणी कोणी बनवलीये? कशाची, किती टिकली, मुळांनी धरलं का, सगळं लिहा. सुरुवात मीच करते. प्लंबिंगच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप होता, त्यावर दोरी घसरते म्हणून आधी पॉलिश पेपरने खरखरीत केला, खालच्या टोकाला आरपार भोक पाडून आडवी सळई घातली म्हणजे कुंडीत गरगर फिरत नाही, आणि मग सुंभ (नारळाच्या काथ्याची दोरी) खालून वर घट्ट गुंडाळत नेला. शेवटचं टोक पाइपच्या तोंडात खुपसायचं, गाठ दिसत नाही.

सळईचं भारी आहे! फक्त सुंभाऐवजी सुतळी नका वापरू कोणी. मुंबईचा पावसाळा आणि ओली सुतळी, बुरशी येते आणि कुजून तुटते.

आमच्याकडे रत्नागिरीला सोडणांना, म्हणजे नारळाच्या तंतूवाल्या सालींना, काय तोटा. पाण्यात भिजत घालायची, लाल पाणी सुटतं ते बदलत राहायचं, मग बांबूला तारेने बांधायची, तंतू बाहेरच्या बाजूला. बाबा मात्र हसतात, म्हणतात पोफळीवर मिरी चढते तिला कोणी काठी विणून दिली होती का 😄

माझी काठी छान झालीये पण मनीप्लांट नुसता टेकून उभा आहे, मुळं धरतच नाही. काय करू?

^^ काठी कोरडी असणार. हवाई मुळांना ओल लागली तरच ती आत शिरतात, त्यामुळे कुंडीत पाणी घालताना काठीवरही वरून ओतत जा. आणि बांधताना खोड बांधा, पानाचे देठ मोकळे ठेवा, पेराची मुळं फुटणारी बाजू काठीकडे. मी जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या वापरते, काचत नाहीत.

पुण्यातून. मी पाइप सोडून दिला, प्लास्टिकच्या जाळीची नळी करून झिप टायने शिवली आणि आत भिजवलेला स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरला. महाग पडतो, म्हणून अर्धा मॉस अर्धे नारळाचे चिप्स. पण मॉन्स्टेराचं प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा मोठं येतंय, चिराही जास्त. एकदा पूर्ण सुकला की मॉस पाणी लवकर पीत नाही, वरून घातलेलं बाजूने वाहून जातं, म्हणून काठीच्या डोक्यावर बारीक भोकाची बाटली उलटी खोचून ठेवलीये.

आम्ही मिरजेकडचे, पानमळ्यात नागवेलीला शेवरी, शेवगा, पांगारा असला जिवंतच आधार असतो. तेच डोक्यात ठेवून गच्चीवर नागवेलीच्या कुंडीत शेवग्याची ओली फांदी खोचली. वेल चढली मस्त, पण फांदीही फुटली ना राव, आता कुंडी कोणाची यावरून दोघांचं भांडण चालूये.

मग शेंगा लागल्या की फोटो टाका!